न्यूझीलंडमध्ये जपानी इम्पोर्ट गाडीसाठी भरवशाचं गॅरेज कसं शोधायचं

ऑकलंडला नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबाची पहिली गाडी बहुतेक वेळा जपानहून आलेली सेकंडहँड असते. ॲक्वा, फिट, विट्झ, डेमिओ, अक्सेला, नाहीतर लीफ. स्टिअरिंग उजवीकडे आणि रस्त्याची बाजू डावी, त्यामुळे चालवायला अडचण येत नाही. अडचण येते ती पहिल्यांदा डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो तेव्हा. गावी वडिलांच्या ओळखीचा मेकॅनिक असतो. इथे कोणीच ओळखीचं नसतं आणि मजुरी तासावर मोजली जाते.

मी इथे बरीच वर्षं इम्पोर्ट गाड्याच वापरतोय आणि नवीन आलेल्या मित्रांसाठी गॅरेजं शोधून देतोय. त्यातून माझं एक ठाम मत झालंय. ‘चांगलं गॅरेज कुठलं?’ हा प्रश्न अर्धवट आहे. ‘माझ्या गाडीची नेमकी जात ओळखणारं गॅरेज कुठलं?’ असं विचारायला हवं. या गाड्या जपानच्या बाजारासाठी बनलेल्या असतात. इथे मझदा २ म्हणून नवीन विकली गेलेली गाडी आणि जपानहून आलेली डेमिओ बाहेरून सारखी दिसली, तरी इंजिन, गिअरबॉक्स किंवा ब्रेकचे भाग वेगळे असू शकतात. जो मेकॅनिक हे गृहीत धरून कामाला लागतो, त्याच्याकडे निम्मी फसगत टळते.

१. गॅरेज शोधण्याआधी स्वतःची गाडी ओळखा

तुमच्या गाडीला दोन नंबर असतात. रेगोच्या, म्हणजे गाडीच्या सरकारी नोंदणीच्या, नोंदीतला सतरा अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) हा एक. सेकंडहँड इम्पोर्ट गाड्यांना तो न्यूझीलंडमध्ये दिलेला असतो आणि बहुधा ‘७ए८’ने सुरू होतो. दुसरा जपानी चॅसी नंबर. आधी मॉडेलचा कोड, मग आडवी रेघ, मग आकडे. ॲक्वाचा कोड एनएचपी१०, तिसऱ्या पिढीच्या फिट हायब्रिडचा जीपी५. पार्ट मागवायला हा दुसरा नंबर लागतो. बॉनेटखाली किंवा दाराच्या चौकटीवर जी धातूची पट्टी असते, तिच्यावर तो सापडेल. फोटो काढून फोनमध्ये ठेवा.

त्याच वेळी गाडीवरचे जपानी स्टिकरही वाचून घ्या. फोनमधलं भाषांतराचं ॲप त्यावर धरलं की पुरेसं कळतं. इंजिनच्या कव्हरवर टायमिंग बेल्ट (इंजिनचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) बदलल्याचा स्टिकर असू शकतो, दाराच्या चौकटीत ऑइल बदलल्याचा. त्यावरचं वर्ष मात्र जपानी पद्धतीचं, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीप्रमाणे मोजलेलं, असू शकतं. हेइसेई काळातलं असेल तर त्यात १९८८ मिळवा, म्हणजे ‘२६’ लिहिलेलं असलं की ते साल २०१४. रेइवा असेल तर २०१८ मिळवा. टायमिंग बेल्टची गाडी असेल आणि स्टिकर खरा असेल, तर एक मोठा खर्च पुढे ढकलता येतो. स्टिकर नसेल आणि कागदही नसेल, तर बेल्ट बदललेला नाही असंच धरून चाला. सगळ्या गाड्यांना बेल्ट नसतो हेही लक्षात ठेवा. ॲक्वासारख्या कित्येक गाड्यांना टायमिंग चेन असते. तुमच्या चेनवाल्या गाडीचा ‘बेल्ट बदलायला झालाय’ असं कोणी सांगितलं, तर त्या गॅरेजात पुन्हा जाऊ नका.

पेट्रोलच्या टाकीच्या झाकणामागेही बघा. जपानचं साधं पेट्रोल साधारण ९० ऑक्टेनचं असतं, त्यामुळे त्यावर चालणाऱ्या गाडीला इथलं ९१ चालतं. झाकणावर ‘हाय-ऑक्टेन’ची सूचना असेल तर ९५ किंवा ९८ भरा. टर्बो गाड्यांच्या बाबतीत इंजिनच्या कितीतरी तक्रारी इथूनच सुरू होतात.

२. कागदांची एक फाइल करा

- रेगोचा तपशील, व्हीआयएन आणि चॅसी नंबर
- यार्डातून, म्हणजे सेकंडहँड गाड्यांच्या डीलरकडून, गाडी घेतली असेल तर काचेवर लावलेली ग्राहक माहितीची नोटीस, म्हणजे सीआयएन. आयात करताना गाडीवर ‘डॅमेज्ड’ असा शेरा होता का, ते यावर असतं
- जपानच्या लिलावाचा कागद, डीलरने दिला तर. त्यावर ‘आर’ किंवा ‘आरए’ ग्रेड असेल तर गाडीची अपघातानंतर दुरुस्ती झालेली आहे
- जपानी सर्व्हिस बुक, ग्लव्ह बॉक्समध्ये असलं तर
- ब्रेकडाउन इन्शुरन्स घेतला असेल तर त्याची पॉलिसी

शेवटच्या कागदाबद्दल सावध करतो. बहुतेक पॉलिसींत दोन अटी असतात: ठरल्या अंतरानं सर्व्हिसिंग केल्याचा पुरावा हवा आणि काम सुरू होण्याआधी कंपनीची मंजुरी हवी. गाडी आधी दुरुस्त करून मग बिल पाठवलं की क्लेम नाकारला जातो. यार्डवाल्यानं पॉलिसी विकताना हे सांगितलेलं असेलच असं नाही. घरी बसून शांतपणे वाचा.

३. तपासणारा आणि दुरुस्ती करणारा वेगळा ठेवा

सगळ्या पायऱ्यांमधली ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इथे गाडीला वॉरंट ऑफ फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित असल्याचा दाखला, लागतं. सगळे नुसतं ‘वॉरंट’ म्हणतात. खूपशी गॅरेजं वॉरंटही काढतात आणि दुरुस्तीही करतात. त्यातली बहुतेक प्रामाणिक असतात. पण नवीन माणसाला खरी गरज कुठली आणि वाढवून सांगितलेली कुठली, हे ओळखता येत नाही. म्हणून पहिलं वॉरंट व्हीटीएनझेडसारख्या फक्त तपासणी करणाऱ्या केंद्रात काढा. ते दुरुस्ती करत नाहीत, त्यामुळे तुमची गाडी नापास झाल्यानं त्यांना कुठलं काम मिळत नाही. नापास झाली तर कारणांचा कागद हातात मिळतो. तो घेऊन दोन गॅरेजांत जा आणि फक्त त्या कागदावरच्या कामाचा भाव विचारा. दुरुस्ती करून २८ दिवसांत त्याच केंद्रात परत गेलात तर फेरतपासणीचे पैसे लागत नाहीत.

आता यातला सापळा. वॉरंट पास झालं म्हणजे गाडी ठणठणीत आहे, असं नवीन आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. वॉरंटमध्ये टायर, ब्रेक, दिवे, काच, सीटबेल्ट, एअरबॅग, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सांगाड्याचा गंज अशा सुरक्षिततेच्या गोष्टी बघतात. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, ऑइलची पातळी यांची तपासणी त्यात नसते. ब्रेक पॅड आज चालतात एवढंच कळतं, अजून किती महिने टिकतील ते कळत नाही. त्यामुळे ‘नवं वॉरंट आहे’ या एका वाक्यावर गाडी घेऊ नका. खरेदीआधीची तपासणी वेगळी करून घ्या. एए, म्हणजे ऑटोमोबाइल असोसिएशन, ती करतं, स्वतंत्र मेकॅनिकही करतात. विकणाऱ्यानं सुचवलेला मेकॅनिक मात्र नको.

४. तीन-चार गॅरेजांची यादी करा

ओळखीतून मिळालेली नावं घ्या, पण विचारायची पद्धत बदला. मराठी मंडळाच्या ग्रुपवर ‘कोणी चांगला मेकॅनिक सुचवा’ असं टाकलं की वीस नावं येतात आणि त्यातली निम्मी ‘स्वस्त आहे’ एवढ्यावर. त्याऐवजी लिहा: ‘२०१४ची ॲक्वा, ब्रेक आणि सर्व्हिसिंग, पापाटोइटोइच्या (ऑकलंडचं एक उपनगर) आसपास. हीच गाडी कोणी कुठे नेता?’ उत्तरं कमी येतील, पण कामाची येतील. देणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारा: ‘त्यांच्याकडे कधी काही बिनसलं का आणि मग ते कसे वागले?’ चुकल्यावर फोन उचलणारं गॅरेज मला कधीही न चुकल्याचा दावा करणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं.

दुसरी खूण म्हणजे एमटीए, अर्थात मोटर ट्रेड असोसिएशन. १९१७ पासूनची ही गॅरेजवाल्यांची संघटना आहे. सभासद गॅरेजशी वाद झाला तर त्यांच्याकडे तक्रार करता येते आणि ते मध्यस्थी करतात. पाटी दिसली तरी सभासदत्व चालू आहे ना, हे त्यांच्या साइटवर बघून घ्या.

तिसरी गोष्ट, स्वतः जाऊन या. वायराउ व्हॅली, पेनरोज, ईस्ट टामाकी अशा औद्योगिक भागांत गॅरेजांच्या रांगाच आहेत. आत जायची गरज नाही, दारातून बघा. लिफ्टवर आणि बाहेर कुठल्या गाड्या उभ्या आहेत? सगळ्या युरोपियन असतील तर तुमची विट्झ तिथे पाहुणी ठरेल. तीन-चार ॲक्वा आणि फिट दिसल्या, तर त्यांचे पार्ट आणि त्यांची दुखणी या लोकांना रोजची आहेत.

घरी येणारे मोबाइल मेकॅनिक बॅटरी, ब्रेक पॅड, ऑइल यांसाठी सोयीचे पडतात. गिअरबॉक्सचं काम घराच्या ड्राइव्हवेवर करून घेऊ नका.

५. फोन करा आणि हे प्रश्न विचारा

फोनवरचं इंग्रजी कठीण वाटत असेल तर ईमेल करा. लेखी उत्तर नंतर उपयोगी पडतं.

‘माझी जपानी इम्पोर्ट आहे, सर्व्हिसिंग करायचंय’ एवढंच आधी सांगा आणि समोरचा काय विचारतो ते ऐका. ‘रेगो नंबर किंवा चॅसी नंबर सांगा’ असं तो म्हणाला तर चांगली सुरुवात. काहीच न विचारता त्यानं थेट आकडा सांगितला, तर तो आकडा कुठल्याही गाडीला लावायचा आहे.

मग गिअरबॉक्सच्या ऑइलबद्दल विचारा. या गाड्यांतल्या कित्येकांना सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, असतो आणि त्याचं ऑइल प्रत्येक कंपनीचं वेगळं. निसानचं एनएस-२ किंवा एनएस-३, होंडाचं एचसीएफ-२ किंवा जुन्या गाड्यांना एचएमएमएफ, टोयोटाचं सीव्हीटीएफ-एफई. ‘तुम्ही माझ्या गाडीत कुठलं घालता?’ या प्रश्नाला ‘बघून सांगतो’ हे उत्तर उत्तम आहे. ‘आमच्याकडे एकच असतं, सगळ्यांना चालतं’ हे उत्तर आलं तर धन्यवाद म्हणून फोन ठेवा. चुकीच्या ऑइलनं सीव्हीटी लगेच बंद पडत नाही. काही महिन्यांनी चढावर थरथरायला लागतो आणि तोवर कोणाचं काय चुकलं हे सिद्ध करणं अवघड होऊन बसतं.

फिट हायब्रिड जीपी५ असेल तर वेगळं विचारा. तिच्यात सीव्हीटी नाही, सात गिअरचा ड्युअल क्लच आहे. जपानमध्ये या गाडीचे सुरुवातीच्या काळात अनेक रिकॉल झाले, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीनं गाड्या परत बोलावल्या. ‘ड्युअल क्लचवाली फिट तुम्ही हाताळली आहे का, तिचं क्लच रीलर्निंग (संगणक जोडून क्लचची जुळणी नव्यानं करणं) करता का?’ असं थेट विचारा. बरीच गॅरेजं प्रामाणिकपणे नाही म्हणतात आणि दुसरं नाव सुचवतात. ते नाव लिहून घ्या. एका गॅरेजवाल्यानं दुसऱ्याची केलेली शिफारस मी ग्राहकांच्या रिव्ह्यूपेक्षा वरची मानतो.

टोयोटा असेल तर अजून एक छोटा प्रश्न: बॅटरी बदलताना गाडीचा करंट चालू ठेवता का? जपानी टोयोटांच्या नेव्हिगेशन सेटचा करंट तुटला की काही सेट लॉक होतात आणि जपानी भाषेत कोड मागत बसतात. ज्यानं इम्पोर्ट हाताळल्यात त्याला हे ठाऊक असतं. रेडिओचंही इथेच सांगून टाकतो: जपानचा एफएम ७६ पासून सुरू होऊन ९०च्या आसपास संपतो आणि इथला ८८ ते १०८ आहे. स्टेशन लागत नाहीत म्हणून रेडिओ दुरुस्तीला देऊ नका. बँड एक्सपांडर नावाचा छोटा जोड बसवावा लागतो किंवा सेटच बदलावा लागतो.

६. कोट लेखी घ्या, आणि नीट वाचा

कोट आणि एस्टिमेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोट मान्य केला की तो ठरलेला भाव. एस्टिमेट म्हणजे अंदाज, तो थोडा वरखाली होऊ शकतो. तुम्हाला काय मिळतंय ते ईमेलमध्ये स्पष्ट लिहून मागा. आत काय काय आहे तेही: पार्ट ओरिजिनल की दुसऱ्या कंपनीचा की रेकरकडचा (जुन्या गाड्या मोडून पार्ट विकणाऱ्याकडचा) जुना, मजुरीचे तास किती, आणि जीएसटी धरून की सोडून. जीएसटी १५ टक्के आहे. ‘४०० प्लस जीएसटी’ म्हणजे ४६० डॉलर. भारतातून आलेल्या माणसाला दुकानातल्या किमतीत कर धरलेलाच असतो अशी सवय असते, त्यामुळे काउंटरवर धक्का बसतो.

एक वाक्य न विसरता लिहा: ‘याशिवाय काही काम निघालं तर आधी फोन करा, माझ्या होकाराशिवाय करू नका.’ वाढीव काम निघू शकतं, त्यात वावगं काही नाही. पण फोटो मागा. ‘लोअर आर्मचा बुश फाटलाय’ म्हणणारा फाटलेल्या रबराचा फोटो एका मिनिटात पाठवू शकतो.

‘कॅश दिलीत तर जीएसटी नको’ असं कोणी म्हणालं तर नकार द्या. बिल नसेल तर काम झाल्याचा पुरावा नसतो. तीन महिन्यांनी तोच ब्रेक वाजला तर तुम्ही कोणत्या तोंडानं परत जाणार? शिवाय गाडी विकताना बिलांची फाइल हीच तुमची बाजू असते.

७. पहिलं काम लहान द्या

नव्या गॅरेजला गिअरबॉक्सचं काम सोपवू नका. आधी ऑइल आणि फिल्टर बदलून घ्या आणि सोबत सांगा: ‘गाडी एकदा खालून बघून जे दिसेल ते लिहून द्या.’ गाडी परत घेताना एवढं बघा: बिलावर ऑइलचा ग्रेड लिहिलाय का? या गाड्यांना बहुतेक वेळा ०डब्ल्यू-२० लागतं आणि बिलावर नुसतं ‘ऑइल’ असेल तर विचारा. किलोमीटरची नोंद आहे का? खालचं प्लास्टिकचं कव्हर सगळ्या क्लिपांसकट परत बसवलंय का? वाकून बघितलं की दिसतं, लोंबत असेल तर काम घाईत उरकलंय. आणि लिहून दिलेल्या यादीत ‘आत्ता करा’ आणि ‘पुढच्या वेळी बघू’ असे दोन भाग आहेत का? सगळंच ‘आत्ता करा’ असेल तर दुसरं मत घ्या. ‘अजून वर्षभर चालेल’ असं एखाद्या गोष्टीबद्दल सांगणारा मेकॅनिक जपून ठेवा.

बदललेले जुने पार्ट परत मागा. गाडी देतानाच सांगितलंत तर कोणी नाही म्हणत नाही.

८. हायब्रिड आणि इलेक्ट्रिकसाठी थोडं वेगळं

पापाटोइटोइमधल्या आमच्या एका ओळखीच्या ताईंच्या ॲक्वाला हायब्रिडचा इशारा यायला लागला. जवळच्या गॅरेजनं मोठी बॅटरी गेल्याचं सांगितलं आणि दोन हजारांच्या वरचा आकडा काढला. आम्ही हायब्रिडचं काम करणाऱ्या दुसऱ्याकडे गाडी नेली. त्यानं मागच्या सीटजवळची जाळी काढून टॉर्च धरला. बॅटरीला गार हवा देणाऱ्या पंख्यावर धूळ आणि केसांचा जाड थर बसलेला होता. पंखा साफ केला, मग लॅपटॉप जोडून बॅटरीच्या प्रत्येक ब्लॉकचा व्होल्टेज दाखवला. सगळे जवळजवळ सारखे होते. गाडी अजून त्याच बॅटरीवर चालते.

म्हणून हायब्रिड बॅटरी बदला असं कोणी म्हणालं तर ब्लॉकनिहाय आकडे कागदावर मागा. एक ब्लॉक इतरांपेक्षा स्पष्ट खाली असेल तर निदान खरं असू शकतं. नुसता एरर कोड दाखवून बॅटरी विकणाऱ्याला थांबवा. आणि मागच्या सीटजवळच्या त्या जाळीवर चादर, शाळेची दप्तरं, किराण्याच्या पिशव्या ठेवू नका.

बारा व्होल्टची छोटी बॅटरी ॲक्वात मागच्या बाजूला, गाडीच्या आत असते. तिचा वायू बाहेर नेणारी नळी बसेल अशीच बॅटरी लागते. साधी स्वस्त बॅटरी तिथे बसवू देऊ नका.

लीफ ही इलेक्ट्रिक गाडी घेत असाल तर बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या डॅशबोर्डवरच्या बारा काड्यांवर विसंबू नका. ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकाला जोडायचं छोटं उपकरण) आणि लीफस्पाय ॲप वापरून बॅटरीची तब्येत बघणारं गॅरेज निवडा, किंवा ते स्वतः करा.

९. रिकॉल तपासा

हे फुकट होतं. ताकाता या जपानी कंपनीच्या ‘अल्फा’ प्रकारच्या सदोष एअरबॅग असलेल्या गाड्यांसाठी न्यूझीलंड सरकारनं २०१८ मध्ये सक्तीचा रिकॉल जाहीर केला होता आणि त्यात जपानी इम्पोर्ट गाड्या होत्या. जुनी गाडी घेत असाल तर चॅसी नंबर देऊन त्या कंपनीच्या इथल्या कार्यालयात चौकशी करा. रिकॉलचं काम कंपनीचा अधिकृत डीलर पैसे न घेता करतो. कुठलंही गॅरेज त्याचं बिल लावत असेल तर थांबा.

१०. बिनसलं तर

आधी त्याच गॅरेजशी बोला, मग लेखी कळवा. काय काम दिलं, काय झालं, काय हवंय आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढंच लिहा. १९९३च्या कन्झ्युमर गॅरंटीज ॲक्टप्रमाणे काम वाजवी काळजीनं आणि कौशल्यानं, ज्यासाठी दिलं त्याला योग्य असं आणि वाजवी वेळेत व्हायला हवं. भाव आधी ठरला नसेल तर तोही वाजवी हवा. या कायद्याचं नाव पत्रात आलं की सूर बदलतो, हे मी पाहिलंय. पण पहिली संधी दुरुस्त करून द्यायची त्यांनाच द्या, परस्पर दुसरीकडे काम करून घेतलंत तर तुमची बाजू कमकुवत होते.

बिल मान्य नसेल तरी पैसे दिल्याशिवाय गॅरेज गाडी अडवून ठेवू शकतं. अशा वेळी पैसे भरा, पण बिलावर आणि ईमेलमध्ये ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे हरकत कायम ठेवून पैसे भरतोय, असं लिहा. गॅरेज एमटीएचं सभासद असेल तर आता तिथे तक्रार करा. नसेल तर डिस्प्यूट्स ट्रिब्युनल, म्हणजे छोट्या दाव्यांचं न्यायाधिकरण. तिथे वकील उभा राहू शकत नाही, दोन्ही बाजू स्वतःच बोलतात. यार्डवाल्यानं विकलेल्या गाडीबद्दल तक्रार असेल तर मोटर व्हेइकल डिस्प्यूट्स ट्रिब्युनल हा वेगळा मार्ग आहे. अर्ज कसा भरायचा ते सिटिझन्स ॲडव्हाइस ब्युरोमध्ये विनामूल्य समजावून सांगतात. बहुतेक मोठ्या उपनगरांत त्यांची शाखा सापडते. जाताना कोट, बिल, ईमेल, फोटो आणि दुसऱ्या मेकॅनिकचं लेखी मत तारखेच्या क्रमानं लावून न्या.